एका चित्रप्रवासाची पूर्वतयारी

परदेशगमनाचे नवल आमच्या रत्नागिरीत आता कोणास राहिलेले नाही. आखातात नोकरीस गेलेला मुलगा किंवा अमेरिकेत नांदणारी मुलगी येथे बहुतेक प्रत्येक आळीत सापडावी. परंतु केवळ चित्रे पाहण्यासाठी, आणि तीही आपल्याच एका माणसाने काढलेली, पन्नाशी उलटलेले जोडपे इटलीपर्यंत जाते हे ऐकून २०१५ च्या पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यांनी आमच्याकडे जरा काळजीनेच पाहिले. "प्रोफेसर, तुमची ती चित्रं हल्ली मोबाईलवर दिसतात म्हणे," असे एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस हळुवारपणे सुचविलेही.

चित्रे होती वासुदेव गायतोंडे यांची. मूळचे गोव्याकडचे हे घराणे. चित्रकाराचा जन्म १९२४ साली नागपूरचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले, आणि देहावसान २००१ साली, फारशा कोणाच्या लक्षात न येता. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन मांडले, आणि तेच पुढे ३ ऑक्टोबर २०१५ ते १० जानेवारी २०१६ या काळात व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहालयात यावयाचे होते. आमच्या सौभाग्यवती चित्रकलेच्या शिक्षिका. विद्यार्थिदशेत त्यांनी मुंबईस गायतोंड्यांचे एकच चित्र पाहिले होते, व त्याविषयी त्या इतक्या वर्षांत फार बोलल्याही नव्हत्या. वर्तमानपत्रातील बातमी वाचून त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, सगळी एकत्र पुन्हा कधी दिसणार?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते; म्हणून आम्ही तयारीस लागलो.

तयारी म्हणजे काय, याची कल्पना वाचकांपैकी ज्यांनी ती केली आहे त्यांनाच येईल. आमच्या गावी धावपट्टी आहे, परंतु तेथून प्रवासी विमान सुटत नव्हते. तेव्हा प्रथम कोकण रेल्वेने मुंबई गाठणे आले. मुंबईहून व्हेनिसला थेट विमान नाही. मध्ये कोठे तरी उतरून दुसरे धरावयाचे. दोन विमानांमध्ये दीड तासाचे अंतर ठेवले तर तिकीट स्वस्त, पण धावपळ फार. सहा तासांचे ठेवले तर जीव स्वस्थ, पण खिसा अस्वस्थ. शिवाय परवान्याचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी घेत नसत, आणि अर्जासोबत जाण्यायेण्याच्या तिकिटांची व निवासाची नोंद दाखवावी लागे. परवाना मिळण्यापूर्वी तिकीट काढावे, आणि तिकीट काढावे तर परवाना मिळेलच असे नाही! 'लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही' या म्हणीचा खरा अर्थ आम्हांस त्या दिवसांत उमगला. त्यातच २ नोव्हेंबरपासून अर्जदाराने बोटांचे ठसे देण्यासाठी जातीने हजर राहावे असा नियम आला, आणि मुंबईची एक फेरी वाढली.

एका बाबतीत मात्र आमचे कोकणीपण कामास आले. व्हेनिस हे खाडीतले शहर. हिवाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दक्षिणेचा वारा सुटला की भरतीचे पाणी चौकांत चढते. प्रवासवर्णनांतून यास मोठे चमत्कारिक नाव दिलेले असते. आमच्या मांडवीवरचा कोणीही मनुष्य त्यास उधाण म्हणेल. आम्ही भिंतीवरचे पंचांग काढले. नाताळाच्या दिवशीच पौर्णिमा होती. तेव्हा २८ डिसेंबरला निघावे, मंगळवारी संग्रहालय बंद असते म्हणून तो दिवस पोहोचण्यात घालवावा, आणि बुधवारी चित्रे पाहावी, असा बेत ठरला. इटलीच्या प्रवासाची तिथी पंचांगावरून काढणारे आम्हीच पहिले नसू. पण मुहूर्ताऐवजी भरती पाहणारे बहुधा थोडेच असतील.

राहिला विमा. या राष्ट्रांचा परवाना हवा तर निदान ३०,००० युरोंचा, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे २१ लाख रुपयांचा, प्रवासविमा उतरवावा लागतो. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितो. कठीण मजकूर वाचण्याचा आम्हांस सराव आहे. तरी त्या विमापत्राने आमची जितकी कसोटी पाहिली तितकी कोणत्याही कवीने पाहिली नव्हती. आकस्मिक आजार, रुग्णालय, स्वदेशी परत आणणे. आणि पुढे, अगदी त्याच बारीक अक्षरांत, मृत्यू ओढवल्यास पार्थिव देह मायदेशी पोहोचविण्याचा खर्च. ते कलम आम्ही मोठ्याने वाचले आणि मग वाचल्याचा पश्चात्ताप झाला.

कारण अर्जात एक रकाना होता: यापूर्वीचा काही विकार? दोन वर्षांपूर्वी सौभाग्यवतींच्या हृदयावर एक लहानशी शस्त्रक्रिया झाली होती. त्या रकान्यात आम्ही 'नाही' असे लिहिले होते. खरे लिहिले तर हप्ता वाढणार, कदाचित विमाच नाकारणार. आणि सगळा बेत, तो पंचांगासकट, फुकट जाणार. शिवाय आता त्या ठणठणीत आहेत, अशी आम्ही आमची समजूत घातली होती. सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"अहो, हे खोटं आहे."

"अगं, कागदापुरतं आहे ते."

"मग विमासुद्धा कागदापुरताच झाला. तिथे मला काही झालं तर हाच कागद ते तुमच्यापुढे धरतील."

त्यांचे म्हणणे कायद्यासही धरून होते. विम्याचा करार मुळी परस्परांच्या सद्भावावर उभा असतो. लपविलेली गोष्ट उघडकीस आली की पैसे देण्याचे बंधन सुटते. म्हणजे आम्ही जे विकत घेत होतो ते संरक्षण नव्हते, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास दाखविण्याचे एक चित्र होते. आम्ही तो कागद फाडला आणि नवा भरला. विमा मिळाला. हप्ता वाढला, आणि त्या विकाराबाबत केवळ प्राणावर बेतल्यास तेवढा खर्च मिळेल अशी अट पडली.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. रकान्यात 'होय' लिहिले गेले आणि तो आजार आमच्या बेतात शिरला. तोवर आम्ही खाडीपलीकडे मेस्त्रे येथे स्वस्त खोली धरली होती. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि त्यांतील बहुतेकांस पायऱ्या आहेत, हे आम्ही वाचले होते. पण त्या पायऱ्या कोण चढणार, हा विचार केला नव्हता. आता खोली संग्रहालयाच्याच बाजूस, तळमजल्यावर घेतली. दोन विमानांमधले अंतर सहा तासांचे केले. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घेतली. विमा कंपनीपासून लपविताना आम्ही ती गोष्ट स्वतःपासूनही लपवीत होतो.

निघण्यापूर्वी एका संध्याकाळी फिरत फिरत आम्ही थिबा राजाच्या समाधीपाशी गेलो. ब्रह्मदेशाच्या या राजास इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले, १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले, आणि १९१६ साली तो येथेच वारला. राणी सुपयालत १९१९ साली मायदेशी परतू शकली. राजाचा देह मात्र आमच्या लाल मातीतच राहिला. २०१२ साली ब्रह्मदेशाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन येथे येऊन गेले तेव्हा सारे गाव लोटले होते. विमापत्रातले ते कलम आम्हांस तेथे आठवले. सौभाग्यवतींनाही आठवले असावे, कारण त्या म्हणाल्या, "परत यायचं तिकीट आपल्या हातात आहे, हे काय थोडं झालं?"

बुधवारी सकाळी आम्ही चित्रांपुढे उभे होतो. उधाण आले नाही. एका फिकट, धुक्यासारख्या चित्रापुढे त्या बराच वेळ थांबल्या. पाय दुखू लागले तेव्हा जवळच्या बाकावर बसल्या आणि पुन्हा पाहू लागल्या. आम्हांस त्या चित्रातले किती कळले हे आम्ही येथे सांगत नाही. त्या दिवशी एकही पूल चढावा लागला नाही, एवढे मात्र आम्ही मोजले होते.

विम्याचा तो कागद अजून आमच्या कपाटात आहे. त्याचे पैसे वाया गेले असे आमचे शेजारी म्हणतात. असो, तसे वाया जाण्यासाठीच आम्ही ते भरले होते.