मटार सोलण्याचे पाचशे रुपये

शेजारच्या काकूंनी परवा विचारलंच. "मशीन लावत नाही, मालिश करत नाही, मग पैसे कशाचे घेते ती?" काकूंचं घर शिंद्यांच्या अमदानीपासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आहे. त्यांचं मराठी हिंदीच्या चालीवर चालतं, हिशेब मात्र रोखठोक. समोर आमच्या सासूबाई मटार सोलत होत्या आणि थेरपिस्ट शेजारी बसून नुसती बघत होती. या बघण्याचे पाऊण तासाला पाचशे रुपये आम्ही मोजतो, हे काकूंना माहीत होतं. प्रश्न झोंबला, कारण तो घरातल्याही एकदोघांच्या मनात असणार असा मला दाट संशय आहे.

झटक्यानंतर सासूबाईंची उजवी बाजू लुळी पडली होती. फिजिओने त्यांना पायावर उभं केलं, त्याचं श्रेय त्याला आहेच. पण घरभर चालणाऱ्या बाईला स्वतःच्या हाताने घास घेता येईना, साडीच्या निऱ्या घालता येईनात. तिथून पुढचं काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचं. या मुलीने पहिल्या दिवशी हात तपासला आणि सरळ स्वयंपाकघर गाठलं. मूठ पुरती मिटत नाही म्हणून चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून तो जाड केला. ताटाखाली ओला नॅपकिन घातला, ताट सरकायचं थांबलं. मटारही उगाच नाहीत. शेंग डाव्या हातात धरायची आणि उजव्या अंगठ्याने उघडायची. सासूबाई काय करतात, तर अंगठा चालत नाही म्हणून खांदा उचलतात आणि सगळं अंग शेंगेवर झुकवतात. शेंग सोलली जाते, अंगठा मात्र जिथल्या तिथे. मग थेरपिस्टची दोन बोटं अलगद खांद्यावर टेकतात. "आजी, खांदा नको." की पुन्हा नवी शेंग.

हे कळायला ग्वाल्हेरात तरी जड जाऊ नये. घराण्याची तालीम म्हणजे दुसरं काय असतं? गुरू समोर बसतो, शिष्य तीच तान घेतो, कुठे घसरली की गुरू थांबवतो. तंबोऱ्याखेरीज यंत्र नाही. आवाज चोरून लावलेला वरचा षड्ज तुम्हाआम्हाला लागल्यासारखाच वाटतो, जाणत्या कानाला त्यातली चोरी कळते. खांदा उचलून सोललेली शेंग त्याच जातीची. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर एवढी पायपीट करून इथे आले, वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले आणि ती गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. पुढे त्यांच्याकडून ती विष्णु दिगंबर पलुसकरांकडे गेली. हे सगळं वैभव "हं, परत घे" या तीन शब्दांवर उभं आहे. गुरुदक्षिणा देताना "तुम्ही तर नुसते ऐकत होता" असं कुणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. तुलना ताणली जातेय हे मलाही दिसतंय, पण या गावात राहून ती टाळणं कठीण.

गाणं शिकायला मराठी माणूस इकडे आला, ऑक्युपेशनल थेरपीची विद्या मात्र तिकडेच रुजली. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. लेखिका जाई निंबकरांच्या या सासूबाई. परमुलखात येऊन संसार थाटलेल्या बाईने हे करावं, याचं मला विशेष वाटतं.

ग्वाल्हेरात फिजिओच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत. ऑक्युपेशनल थेरपी म्हणून जे सापडतं ते बहुतेक लहान मुलांसाठी. थाटीपूरची रामकृष्ण आश्रमाची 'रोशनी' ही संस्थाही विशेष मुलांचीच. सत्तरीच्या बाईसाठी घरी येणारं कोणी मिळणं म्हणजे ओळखीतून ओळख काढणं. आमची थेरपिस्ट नागपूरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली. सकाळी मुलांच्या केंद्रात असते, संध्याकाळी आमच्याकडे. तुम्ही शोधत असाल तर पदवी विचारायला संकोचू नका. ही साडेचार वर्षं शिकली आहे, काही महिन्यांचा कोर्स करूनही लोक पाटी लावतात. २०२१ चा आरोग्यसेवा व्यवसायांचा केंद्रीय कायदा झाला, तरी पाटीमागे कोण आहे ते बघायचं काम अजून आपल्यालाच करावं लागतं.

आता पैसे. आरोग्य विमा घरच्या थेरपीला सहसा हात लावत नाही. पण बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च मिळतो. त्यात हे बसवायचं तर डॉक्टरांनी थेरपी कागदावर लिहिलेली हवी. आमच्या कागदावर फक्त 'फिजिओ' होतं. हॉस्पिटलातून निघण्याआधीच लिहून घ्या. दुसरा रस्ता प्राप्तिकराचा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्के किंवा वरचं असेल तर ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून १,२५,०००. खर्च कितीही झालेला असो, रक्कम ठरलेली. पण ही सोय जुन्या करप्रणालीतच. शिवाय अवलंबून असलेले आई-वडील चालतात, सासू-सासरे चालत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे थेरपिस्टचे पैसे माझ्या खात्यातून जातात आणि वजावट नवऱ्याला मिळते! नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीही येते. मात्र तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. घरात असं मूल असेल तर तो जरूर काढा, झटक्याच्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

आगाऊ पॅकेज घेऊ नका, कितीही सूट देऊ करोत. दर भेटीचे पैसे त्या भेटीला द्यावेत आणि पावती मागावी. थेरपिस्ट चांगली असेल तर घरच्यांना शिकवते. आमच्या हिने ते केलं, म्हणून आता आठवड्याला दोनच भेटी लागतात. मधल्या दिवसांत खांद्यावर बोटं मी टेकवते.

जूनमध्ये तिच्या नवऱ्याची बदली होते आहे. लष्कर, मुरार किंवा थाटीपूर भागात मोठ्या माणसांसाठी घरी येणारं कोणी तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा. पदवी असलेलंच कळवा.