ताईचें अर्धें वाक्य

रविवारीं जळगांवची ताई लॅपटॉपच्या पडद्यावर बोलूं लागली, कीं अर्ध्या वाक्यावर तिचा चेहरा गोठे. धुळ्याचें आमचें घर धाब्याचें. राउटर माजघरांत, मी ओसरीवर, आणि मध्यें हातभर जाडीची मातीची भिंत. पुतण्याचा फोन तेथेंच नीट चाले. म्हणजे दोष लॅपटॉपच्या पोटांतला.

दुकानदारानें नखाएवढा ॲडॅप्टर पुढें करून ५ गिगाहर्ट्‌झचा वेग वाखाणला. वेग खरा, पण ती लहर जाड भिंतींत लवकर विरते, २.४ ची संथ, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गर्दींतली, तरी भिंत अधिक ओलांडणारी. मीं दोन्ही लहरींचा, लांब अँटेनाचा घेतला (नखाएवढ्या वस्तूंवर माझा विश्वास नाहीं) आणि लांब वायर जोडून माजघराच्या चौकटीशीं टांगला.

त्या रविवारीं ताईचें वाक्य प्रथमच पुरें ऐकूं आलें: “तूं इकडे येतोस कधीं रे?”