होकाराची पायरी

आमच्या वसतिगृहात सायंकाळच्या बुद्धवंदनेनंतर हजेरी होते. नाव पुकारले की 'हजर' म्हणायचे, एवढाच नियम. तरी दर जूनमध्ये नवा आलेला एखादा मुलगा मान खाली घालून 'जी' म्हणतो. इतर मुले हसतात. आम्हांला हसू येत नाही. आमचे आजोबा वाड्याच्या अंगणाबाहेर उभे राहून याच स्वरात 'जी' म्हणत. समोर दहा वर्षांचे पोर असले तरीही.

मराठीत होकार अनेक आहेत. मित्राला 'हं', घरात 'हो', वडीलधाऱ्यांना 'होय' किंवा 'जी'. आदराच्या 'जी'ला आमचा विरोध नाही. पण गावगाड्यात तो एकाच दिशेने गेला. खालून 'जी', वरून 'अरे'. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, ते या लाचारीच्या मुळाशी असलेल्या व्यवस्थेवर घाव घालण्यासाठीच.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कोरियन साहेबांच्या हाताखाली काम करणारा आमचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटला. म्हणाला, "सर, त्यांच्यातही होकाराच्या पायऱ्या आहेत. मित्राला 'उंग', साहेबांना 'ने', त्याहून अदबीने 'ये'. मग तिथेही आपल्यासारखे कोणी होते का?"

होते. खाटीककाम करणाऱ्या बेकजोंग लोकांना इतरांच्या मुलांशीही अदबीने बोलावे लागे. १८९४ च्या सुधारणांनी हा दर्जाभेद कायद्याने संपला, व्यवहारात उरला. म्हणून १९२३ साली जिंजू शहरात 'ह्योंगप्योंगसा' ही त्यांच्या समतेची संघटना उभी राहिली. नावात तराजूचा समतोल आहे. महाडचा सत्याग्रह त्यानंतर चार वर्षांनी झाला.

मुलांना आम्ही घोड नदीकाठी इनामगावला नेतो. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत पाच खोल्यांचे मोठे घर मध्यभागी, धान्यकोठाराजवळ होते; कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला. त्यांची बोली आज कोणाला ठाऊक नाही. पण कडेला राहणारा मध्यभागी जाताना कसा बोलत असेल, असे आम्ही मुलांना विचारतो. नवी मुले लगेच उत्तर देतात. ते त्यांना शिकवावे लागत नाही.

कबूल करतो, तपासणीला अधिकारी आले की आमच्याही तोंडून पटकन 'जी साहेब' निघते आणि पाठीला आपोआप बाक येतो. एम.ए.च्या पदवीने तो गेलेला नाही.

अशा वेळी उपसंपदेचा विधी आठवतो. संघात येणाऱ्याला विचारतात : तू मनुष्य आहेस ना? तू कोणाचा दास नाहीस ना? तो म्हणतो, 'आम भन्ते'. होय, भन्ते. यातही आदर आहे. पण आपण माणूस आहोत, मुक्त आहोत, हे सांगण्यासाठी उच्चारलेला तो होकार आहे.

यंदाचा तो मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर परतला. हजेरीला त्याचे नाव आले. त्याने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "हजर, सर. जय भीम."

आम्हीही म्हणालो, "जय भीम."