स्कायस्क्रेपरची आजी

आमच्या वडीगोद्रीत घरावर एक माडी चढली तरी गावभर चर्चा! जालना जिल्ह्यातलं, सोलापूर-धुळे हायवेवरचं हे गाव. त्यामुळे मुंबईत आल्यावर उंच बिल्डिंगांचं मला भलतंच अप्रूप वाटायचं. पण इतक्या टॉवर्सच्या गर्दीत भुरळ घातली ती मात्र एका पाच मजली म्हातारीनं.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून लायब्ररी, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अशी देखणी रांग आहे. त्याच रांगेतलं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांनी ते बांधलं. डिझाइन रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचं. लोखंडी भाग इंग्लंडमध्ये ओतले, बोटीनं मुंबईत आणले आणि 1867 ते 1869 दरम्यान इथं जोडले. पार्सल आलेलं फर्निचर घरी जोडतात ना, अगदी तसं! हॉटेल सुरू झालं 1871 मध्ये.

यातली खरी गंमत म्हणजे इथं वजन भिंती नाही, तर लोखंडी सांगाडा पेलतो. पुढे गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या त्या याच तत्त्वावर. जगातला पहिला स्कायस्क्रेपर म्हणून शिकागोच्या ज्या होम इन्शुरन्स बिल्डिंगचं नाव घेतात, ती 1885 ची. म्हणजे आपली म्हातारी तिच्याहून वयानं मोठी.

तारुण्यात हिचा थाटही तसाच होता. 7 जुलै 1896 ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दिसली ती इथंच, तिकीट 1 रुपया! त्याच वर्षी मार्क ट्वेन इथं उतरले होते. मुंबईच्या आगाऊ कावळ्यांवर त्यांनी झकास लिहिलंय.

1903 मध्ये ताज आलं आणि वॉटसन्सची झळाळी ओसरली. पुढे हॉटेल बंद पडलं. खोल्यांमध्ये पार्टिशन्स घालून कुणी संसार थाटले, कुणी ऑफिसं. कोर्ट हाकेच्या अंतरावर, म्हणून वकील भरपूर. पण ठरवून, आखून असं रूपांतर कधी झालंच नाही. जो तो आपापल्या सोयीनं जागा अडवत गेला. त्यात भाडं कायद्यानं जुन्याच दरात गोठलेलं. अशा वेळी मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतो, दुरुस्ती मालकानंच करायची. गंज मात्र कुणासाठी थांबत नाही, बॉस!

2005 मध्ये बाल्कनीचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. त्याच वर्षी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं धोक्यातल्या 100 वास्तूंच्या यादीत हिचं नाव घातलं. 2019 मध्ये इमारत रिकामी केली गेली. ती पाडावी, असा आयआयटी मुंबईच्या अहवालाचा सूर होता. वारसाप्रेमींनी त्याला कडाडून विरोध केला. या वादात अनेकांचं घर आणि कामाची जागा मात्र गेली.

आता न्यूयॉर्कला चला. तिथली 792 फुटी वूलवर्थ बिल्डिंग 1913 ची, 1930 पर्यंत जगात सर्वात उंच. तिचे वरचे मजले 2010 च्या दशकात आलिशान घरांमध्ये बदलले आणि खाली ऑफिसं राहिली. तिथं आधी आराखडा, मग माणसं. आपल्याकडे आधी माणसं आली, आराखडा आलाच नाही. अर्थात तिथली घरं परवडतात फक्त कोट्यधीशांना, त्यामुळे तोही फंडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. जुनी इमारत वाचवायची तर रंगरंगोटीच्या आधी दोन प्रश्न सुटायला हवेत : आत कोण राहणार आणि दुरुस्तीचा खर्च कोण उचलणार?

या वीकेंडला चर्चगेटला उतरा आणि काळा घोड्यापर्यंत रमतगमत चालत जा. समोरच्या फुटपाथवरूनच बघा, खाली उभं राहू नका. आणि आपण ज्या काचेच्या टॉवरमध्ये नऊ ते सहा बसतो, त्याची आजी पाहून ठेवा.