उद्यमबागेतील एक दुपार

गोव्याहून बेळगावास येण्याच्या वाटा अनेक. पण पावसाळा सरता सरता चोर्ला घाटाचीच वाट धरावी. साखळी, केरी मागे पडली की दोन्ही अंगांनी रान दाटते. माथ्यावर कणकुंबी, मलप्रभेचा उगम येथलाच. पुढे जांबोटी, आणि पिरनवाडीपाशी हा रस्ता खानापूरच्या रस्त्याला मिळतो. तेथून शहराकडे वळले की उद्यमबाग येते. प्रवासी सहसा येथे थांबत नाहीत. वास्तविक बेळगावची ओळख जितकी कुंद्यात, तितकीच या ओतशाळांत आणि लेथच्या घरघरीत आहे.

गेल्या सप्टेंबरात आम्हांस येथे थांबणे भाग पडले. घाटातच पुढल्या चाकातून एकसुरी घुमणारा आवाज येऊ लागला होता. वेगाबरोबर तो वाढे, आणि गाडी डावीकडे वळली की अधिकच. वळणावर भार बाहेरच्या चाकावर पडतो. तेव्हा दोष उजव्या बेअरिंगचा, हे मिस्त्रींनी ऐकताक्षणीच ताडले. चाक उचलून हलविले तर ते डगमगले. मुलाबाळांसह अशा गाडीने पुन्हा घाट उतरणे धोक्याचेच होते.

चाकामागील ‘नकल’ सोडविली, प्रेसवर हब दाबून काढला. आणि काम अडले ते एका कड्यापाशी. स्प्रिंगच्या पोलादाचे, एका जागी तुटलेले हे सर्क्लिप. कारागीर त्याला ‘लॉक’ म्हणतात. खाचेत फाकून बसून ते बेअरिंग धरून ठेवते. टोकांच्या भोकांत पक्कड घालून ती जवळ आणली की त्याने बाहेर यावे. परंतु गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. कोकणातल्या कित्येक पावसाळ्यांनी खाच गच्च भरली होती. पकडीचे टोक वाकले, लॉक हलले नाही.

हाताखालच्या पोराने छिन्नी उचलली, तशी मिस्त्री शांतपणे म्हणाले, “रागानं निघत न्हाई बाळ ते. आधी खाच मोकळी कर.”

मग तारेच्या ब्रशाने गंज झाडला, अणकुचीदार सळईने खाच कोरली, गंज सोडविणारे तेल सोडले आणि चहा मागविला. चहानंतर पंच ठेवून कड्यावर चोहोबाजूंनी हलके ठोके दिले. जोर काढण्यासाठी नव्हे, गंजाची पकड सुटावी म्हणून. कडे खाचेत किंचित फिरले. आता डोळ्यांवर चष्मा चढला, कारण हे कडे सुटताना उडते. एका हाती पक्कड, दुसऱ्या हाताने पेचकसाने एक टोक उचललेले. लॉक बाहेर आले.

पुढची दक्षताही पाहण्याजोगी होती. खाच धातू चमकेपर्यंत साफ केली. नवे बेअरिंग बसविताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर दिला. आतल्या कड्यावर दिला असता गोळ्यांचे व्रण उठून नवे बेअरिंगही लवकरच घुमू लागले असते. लॉकही नवेच घातले, आणि ते खाचेत सर्वत्र बसले की नाही हे बोट फिरवून पाहिले. अर्धवट बसलेले लॉक सुटले, तर बेअरिंग जागेवरून सरकू शकते.

त्या दुकानात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदत होत्या. ‘लॉक’ मात्र दोन्हींत लॉकच. वाचकांपैकी कोणी या वाटेने जाणार असेल, तर कणकुंबीस अवश्य थांबावे. आणि घाट चढण्यापूर्वी काचा खाली करून चाकांचा आवाज क्षणभर ऐकावा.