सिंहाचा वाटा, सयामचा हत्ती

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत : एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीत कल्याण-शिळ रस्त्यावर. दोन्हीकडच्या बोलण्यात ‘टाइमपास’, ‘टेन्शन’, ‘अ‍ॅडजस्ट’ पुरते मुरले आहेत आणि भाषेची काळजी वाहणाऱ्यांचा सारा रोख या शब्दांवरच असतो.

मात्र इंग्रजीचा अधिक खोल शिरकाव मराठी वेषात झाला. नाक्यावरच्या अभिनंदनाच्या फलकावर कोणाचा तरी ‘सिंहाचा वाटा’ असतो. रखडलेले काम ‘लालफितीत’ अडकते आणि खर्चिक प्रकल्प ‘पांढरा हत्ती’ ठरतो. एकही अक्षर परके नाही, तरी तिन्ही प्रयोग इंग्रजीवरून आलेले आहेत.

यांची वाट शाळा, वृत्तपत्र आणि शब्दकोश यांतून गेली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ १८२८ची. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, तेच मुळी इंग्रजी आणि मराठी असे शेजारी-शेजारी स्तंभ घेऊन. १८४७मध्ये मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला. इंग्रजीत वाचायचे आणि मराठीत लिहायचे, हा सुशिक्षितांचा रोजचा व्यवहार झाला.

आता सिंहाकडे वळू. इसपाच्या कथेतला सिंह इतर प्राण्यांबरोबर शिकार करतो आणि वाटणीच्या वेळी एकेक सबब सांगून सगळेच भाग पंजाखाली घेतो. इंग्रजीत या वाट्याचा मुख्य अर्थ आज सर्वांत मोठा भाग एवढाच आहे. मराठीत मात्र ‘संस्थेच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा होता’ असे म्हटले की सत्कारमूर्ती सुखावते. लुटारू सिंह दानशूर कसा झाला?

त्याचे श्रेय बहुधा एका खारीला द्यावे लागेल. सेतू बांधताना अंगाला चिकटलेली वाळू नेऊन टाकणारी ही खार वाल्मीकींची नव्हे, लोककथेतली. ‘खारीचा वाटा’ म्हणजे आपल्या कुवतीएवढे योगदान. शिवाय मराठीत वाटा घेताही येतो आणि उचलताही येतो. सिंह मराठीत आला तो या खारीच्या शेजारी उभा राहिला आणि घेणाऱ्याचा देणारा झाला. भाषांतर करणाऱ्या कोणा पंडिताने हे ठरवून केले असेल, असे वाटत नाही.

लालफितीची कथा छोटी. इंग्रजी कचेऱ्यांत कागद तांबड्या फितीने बांधत. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असत. दिरंगाईचा ठपका फितीवर आला आणि रुमाल सुटला. ‘कागदी घोडे नाचवणे’ आपल्याकडे होतेच, तरीही फीत हवीशी वाटली.

सावरकरांच्या भाषाशुद्धीने मेयरचा महापौर केला. ठाण्याला आणि कल्याण-डोंबिवलीला तो शब्द आज रोजचा आहे. परंतु तिचा मुख्य रोख परक्या शब्दांवर होता. अस्सल मराठी शब्दांत दडलेली परकी कल्पना अशा चाळणीत सापडणे कठीणच.

हत्तीच्या बाबतीत ही अदलाबदल उलट्या दिशेने झाली आणि ती महाग पडली. मराठीत ‘दारी हत्ती झुलणे’ म्हणजे वैभवाची परिसीमा. त्यातही पांढरा हत्ती म्हणजे इंद्राचा ऐरावत, मायादेवीच्या स्वप्नातला शुभशकुन. सयाममध्येही तो पूज्यच होता, राष्ट्रध्वजावर झळकत होता. पण नावडत्या दरबाऱ्याला राजा असा हत्ती भेट देई आणि तो पोसता पोसता दरबारी कंगाल होई, ही आख्यायिका इंग्रजीत रुजली. म्हणूनच इंग्रजीतला पांढरा हत्ती म्हणजे न परवडणारे लोढणे. मराठीने तो अर्थ जसाच्या तसा उचलला. या वेळी मध्ये यायला एखादी खार नव्हती.

‘दारी हत्ती झुलणे’ आता बहुधा शालेय व्याकरणाच्या पुस्तकातच भेटते. मानपाड्याच्या नाक्यावर, वाहतूक कोंडीत खोळंबलेल्या गाड्यांमध्ये भेटतो तो सयामचा हत्ती.