माजघराची खिडकी

खिडकी म्हटले की आपल्यासमोर उजेड आणि वारा येतो. वऱ्हाडात मात्र या शब्दाचा आणखी एक अर्थ अद्याप वापरात आहे. अमरावतीच्या परकोटाला जसे दरवाजे आहेत तशा खिडक्याही आहेत. छत्रपुरी खिडकी, खुनारी खिडकी ही नावे तेथील माणूस पत्ता सांगताना आजही सहज उच्चारतो. मोठ्या दरवाजांखेरीज माणसांना ये-जा करता यावी म्हणून तटात ठेवलेल्या या वाटा. आमच्या दर्यापूरच्या घरातील माजघराची खिडकी जातीने याच कुळातली होती, असे मला वाटते. तिच्यातून माणूस जाऊ शकत नव्हता एवढाच काय तो फरक.

चंद्रभागेच्या काठचे दर्यापूर काळ्या मातीवर वसलेले आहे. आजोबांचे घर दक्षिणेच्या रस्त्यापासून उत्तरेच्या परसदारापर्यंत लांबच लांब पसरलेले होते. त्यांच्या पश्चात बाबा आणि काका यांच्यात वाटणी झाली, ती उभी. दोघांनाही रस्त्यावर दार हवे आणि दोघांनाही परस हवे, म्हटल्यावर दुसरा मार्गच नव्हता. जुन्या गावठाणांतून हिंडताना अशी चिंचोळी घरे ठायी ठायी दिसतात, त्यांच्यामागे बहुधा अशीच एखादी न्यायाने झालेली वाटणी असते. आमच्या वाट्याला अकरा फूट रुंद आणि साठ फूट लांब असा पट्टा आला. ओसरी, बैठक, माजघर, स्वयंपाकघर, परस. सारे आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक. पूर्वेला परक्याची भिंत, पश्चिमेला काकांची. टोकाच्या खोल्यांना आपापले आभाळ होते. मधल्या माजघराला मात्र काकांच्या मोकळ्या चौकाकडे उघडणारी एकच खिडकी होती.

तिच्यातून सकाळी दहापर्यंत चौकाचा उजेड येई आणि दिवसभर काकूचा आवाज. अंबाडीची वाटीभर भाजी, विरजणाचे दही, लग्नपत्रिका, एकदा तर रडणारे तान्हे मूलही गज नसलेल्या वरच्या भागातून इकडचे तिकडे गेलेले मी पाहिले आहे. वाटणीचा कागद झाला तरी घर दोन झाले नव्हते, ते या दीड हात जागेमुळे.

आईच्या मांडीचे हाड मोडले आणि तिची खाट माजघरात आली. बैठकीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असे. न्हाणीघर माजघराला लागून होते. त्याच वर्षी चुलतभावाने मुलाच्या लग्नासाठी चौकात खोली बांधायला काढली. नव्या खोलीची भिंत आमच्या खिडकीला लागूनच उभी राहणार होती.

परिचयातील एका वकिलांनी धीर दिला. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार वीस वर्षे उघडपणे आणि अखंडपणे उपभोगलेल्या उजेडावर घरमालकाचा हक्क सांगता येतो, आणि वाटणीला तर तीस वर्षे उलटली होती. कायदा आमच्या बाजूचा होता. आईने ते सारे खाटेवरून ऐकले आणि एवढेच म्हटले, “त्याच्या सुनेले खोली पायजेच ना. कोर्टातून काय उजेड येते बाप्पा?”

खिडकी बंद झाली. पहिल्याच आठवड्यात अंधाराचे खरे रूप कळले. दिवा चोवीस तास जळत असे, पण दिव्याला सकाळ-संध्याकाळ नसते. आई दिवसा झोपू लागली, रात्री जागी राहू लागली. दुपारी चार वाजता ती “उजाडलं का?” असे विचारी. वैशाखात त्याहून बिकट झाले. पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की आमच्याकडे घर कूलरवर जगते. कूलर रस्त्याकडच्या खिडकीत बसवलेला होता. त्याची हवा बैठक ओलांडून माजघरात येई आणि तेथेच कोंडून राही. ओल्या ताट्यांतून आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर थोड्याच वेळात तिचा गारवा संपतो आणि नुसता दमटपणा उरतो. अंथरूण चिकट होई. त्यात बोअरचे पाणी खारपाणपट्ट्यातले, महिनाभरात ताट्यांवर पांढरा थर चढे.

उपाय सुचवणाऱ्यांची वाण नव्हती. एकाने समोरासमोर आरसे लावण्यास सांगितले, दुसऱ्याने दक्षिणेचे दारच सर्व दुःखांचे मूळ ठरवले. छपराच्या टिनात पारदर्शक पत्रा बसवण्याची सूचना सर्वांत सोपी होती. तो बसवलेले एक घर आम्ही भर दुपारी पाहून आलो. उजेड भरपूर, पण खाली उभे राहवत नव्हते.

जुना मिस्त्री आला तेव्हा त्याने प्रथम भिंती पाहिल्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरच्या भिंतींना खिडक्यांच्या कोपऱ्यांपासूनच तिरप्या भेगा जातात. या भिंतींत नवे भोक पाडायचे नाही, असे त्याने ठरवून टाकले. मग तो छपराकडे पाहत बराच वेळ बसला. जुन्या धाब्याच्या घरांना वर उजेडासाठी आणि धुरासाठी साणे ठेवीत, त्याची त्याने आठवण काढली. त्याने माजघरावरचे अर्धे टिन दोन फूट उचलले आणि उचललेल्या भागाच्या उत्तर बाजूला उभी जाळी व दोरीने मिटणारी झडप बसवली. उत्तरच का, असे मी विचारले. पाऊस आपल्याकडे बहुधा पश्चिमेकडून येतो, आणि उत्तरेचा उजेड ऊन घेऊन येत नाही, असे त्याचे उत्तर होते. मात्र मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. हे त्याला पंचांगाशिवाय ठाऊक होते. वरचे टिन त्याने दीड फूट पुढे काढले, ते त्या दिवसांसाठी.

काम पाच दिवसांत संपले. कूलर लावताच जाळीजवळ बांधलेली सुताची दोरी बाहेरच्या बाजूला हलू लागली. तापलेली दमट हवा वरून निघून जात होती आणि तिच्या जागी बैठकीतली गार हवा माजघरात येत होती. उजेड मंद होता, पण तो सरकत असे. सकाळी समोरच्या भिंतीच्या माथ्याशी फिकट, दुपारी फरशीपर्यंत, सायंकाळी करडा. आठ-दहा दिवसांनी आई दुपारी वेळ विचारीनाशी झाली. पुढे तर तीच आम्हाला सांगू लागली, “चार वाजले असतीन, चहा मांड.”

वाटीभर भाजी आता रस्त्याने येते. काकूचे गुडघे दुखतात म्हणून ती रोज येत नाही, आणि वाटीवर झाकण असते. हे वरच्या जाळीने भरून निघाले नाही.

गेल्या उन्हाळ्यात चुलतभाऊ आईला भेटायला आला. मोठ्या आईच्या पायाशी बसून तो बोलत होता, पण त्याची नजर छपराकडे होती. आमची खिडकी बुजवणाऱ्या त्याच्या नव्या खोलीला आमच्याकडूनही उजेड नव्हता, आणि दुसऱ्या बाजूला त्याचेच जुने माजघर होते. सुनेचे मूल त्या खोलीत दिवसा निजत नसे. जाताना ओसरीत चपला घालता घालता तो म्हणाला, “दादा, तुमच्या मिस्त्रीले एक खेप माह्याकडे पाठवजा.”